वेदांतची तीनचाकी

अपूर्वाला चांगली आई व्हायचं होतं. आता ते कुणाला नको असतं म्हणा, पण हिनं फारच मनावर घेतलं होतं. वाशिमला ती एकुलती एक वाढली. लग्नानंतर नवरा, शैलेश, एकदा हसत म्हणाला, "तुला ताटातला पापडसुद्धा दुसऱ्याला देववत नाही." तो विसरून गेला, ती नाही. आपला मुलगा देणारा होईल, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

मारुंजीत त्यांनी भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. हिंजवडीचं ऑफिस जवळ आणि वेदांतची बालवाडी तर गल्लीच्या तोंडाशीच. घरमालकीण रत्नाबाई. शेताच्या जागी इमारत उभी राहिली, तरी बाई संध्याकाळी खालच्या पायरीवर लसूण सोलत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर राखणीला बसल्यासारखी नजर ठेवायच्या. तोंडाच्या फटकळ. तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू गाडी लावण्यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडले आणि महिन्याभरात त्यांचं सामान टेम्पोत चढलं. अपूर्वानं ते गॅलरीतून पाहिलं आणि उद्या आपल्यावरही हीच वेळ आली तर, असं तिला वाटलं. पुन्हा घर शोधायचं, पुन्हा नवी बालवाडी, पुन्हा वेदांतचं रडणं.

चौथ्या वाढदिवसाला आजोबांनी वेदांतला लाल तीनचाकी सायकल घेऊन दिली. रत्नाबाईंचा नातू ओम त्याच्याच वयाचा. तो जिना उतरला की "हे आमचं घर हाय" म्हणत सरळ येऊन हँडल धरायचा. वेदांत रडवेला होऊन वर बघायचा.

"दे बाळा," अपूर्वा गॅलरीतून म्हणायची. "शेअर करायचं ना?" आवाज पायरीपर्यंत पोचेल इतका मोठा.

वेदांत उतरायचा. मग ती धावत खाली येऊन त्याचा पापा घ्यायची. "शहाणं माझं बाळ!"

सायकलीमागून चेंडू गेला, रंगपेटी गेली, शैलेशच्या वाढदिवसाच्या केकवरचं चॉकलेटचं फूल गेलं. आता स्पष्टच बोलायचं तर यात वाटून घेणं कुठे होतं? ओमनं आपला ट्रॅक्टर कधी खाली आणला नाही, आणि "तूही दे रे" असं त्याला म्हणायला अपूर्वाची जीभ कधी रेटली नाही. तिला ते कळत नव्हतं असंही नाही. पोळ्या लाटताना ते मनात टोचायचं. पण सगळे वेदांतला गुणी म्हणत होते, आणि ते ऐकून तिला बरं वाटायचं.

एके संध्याकाळी तिला रत्नाबाईंनीच हटकलं.

"आपूर्वा, त्या पोराला येकदा तरी न्हाई म्हनू दे की. आमचा ओम लई माजलाय. त्याला कुनी आडवीतच न्हाई."

"असू द्या मावशी, वेदांतला वाटून घ्यायची सवय लावतोय आम्ही."

"कसली सवय? त्याचं डोळं बघ, भरून आल्यात. मला काय भितीस व्हय गं?"

अपूर्वा कसंनुसं हसली. मग धीर करून म्हणाली, "ते वरचे लोक गेले ना, मावशी..."

"मग? त्येंनी बावधनला सोताचा फ्लॅट घ्येतला, म्हनून गेले. जाताना पेढे दिऊन गेले. मी कशाला घालवू?"

खोलीत येऊन अपूर्वा ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणजे रत्नाबाईंनी आजवर काही मागितलंच नव्हतं. भ्यायली ती, आणि दिलं पोरानं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिनं मनाची समजूत घातली, की भीती माझी होती, पण पोराला सवय तर चांगलीच लागली.

रविवारी जिना पुसायला सारजाबाई आल्या. सोबत त्यांची नात आरोही होती. आजीचं काम होईपर्यंत पोर सायकलीजवळ उभी राहिली आणि हळूच घंटी वाजवून बघू लागली. सायकलीवर बसलेल्या वेदांतनं तिचा हात झटकला.

अपूर्वा खाली आली. या वेळी पायरीवर रत्नाबाई नव्हत्या, कुणाला ऐकवायचंही नव्हतं. ती मनापासून म्हणाली, "वेदांत, आरोहीला एक चक्कर दे बरं."

वेदांतनं आश्चर्यानं आईकडे पाहिलं. "हिला कशाला?"

"अरे, शेअर करायचं ना?"

"पण हे हिचं घर थोडंच आहे?"

सारजाबाईंचा हात फडक्यासकट थांबला. मग त्या पुढच्या पायरीवर सरकल्या. "आरू, हिकडं ये गं," एवढंच म्हणाल्या.

अपूर्वानं पोराला ओरडावं, तर तो उद्धटपणे बोललाच नव्हता. त्याला जेवढं समजलं होतं, तेवढंच त्यानं सांगितलं होतं. तिनं पुढे होऊन सायकलीचं हँडल धरलं. "ये आरोही, बस तू. मी ढकलते." पण आरोही आजीच्या पदराआड गेली होती, ती काही केल्या बाहेर येईना.

तेवढ्यात जिन्यावर धपधप पावलं वाजली. ओम उतरत होता.

वेदांत लगबगीनं सायकलीवरून खाली उतरला. त्यानं ती वळवून ओमच्या पुढ्यात नेऊन ठेवली, आणि हसून आईकडे बघत, पापा घेण्यासाठी गाल पुढे करून उभा राहिला.