गैरहजरांचा वकील

बिडी सोडायला व्यायामाची मदत होते का, हे तपासायचं काम मी कराडात करते. आमच्या गटात एक माजी फौजी आहेत. कवायतीला उभे राहिले की त्यांच्या मिशासुद्धा सावधान होतात. आमचा एक नियम मात्र त्यांना मुळीच पटत नसे: तपासणीला जो आला नाही, तो पुन्हा ओढायला लागला असं धरायचं.

"आवं मॅडम, आला न्हाई म्हंजे वढतोयच, आसं कसं? त्याच्या उसाला तोड आलीया!" कुणाची विहिरीवरची मोटार जळलेली असे, कुणाकडे पाव्हणे. प्रत्येकाची बाजू ते घसा ताणून मांडायचे आणि मी हसून नियमावर बोट ठेवायचे.

परवाच्या तपासणीला मात्र तेच आले नाहीत. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी कारणं शोधत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच बारीक होता.

"मॅडम, माझ्याम्होरं 'वढतोय' लिवा. काल लगीन होतं, पलटणीतलं दोस्त भेटलं, वढली. पन आमचा शेजारी बी आज यायचा न्हाई, त्याचं तसं धरू नगा. त्याची म्हस खरंच व्यायला आडलीया. मी त्याच्या गोठ्यातनंच बोलतोय."