जनार्दन दिघ्यांची सत्तावीस मुलं

आमच्या शेजारच्या उमावहिनी दिघ्यांना मूल नव्हतं. व्हायला सवडच मिळाली नव्हती. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत जनार्दन गेला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि वहिनी पंधराच्या. जनार्दन माझ्याच वर्गात होता, म्हणून खात्रीने सांगतो, त्याच्याबद्दल मुद्दाम सांगावं असं काही नव्हतं. उल्हास नदीत बरा पोहायचा आणि गणितं माझी बघून लिहायचा. त्यामुळे आम्ही दोघंही नापास व्हायचो.

दिघ्यांनी वहिनींना पुण्याला पाठवून नर्सचं काम शिकवलं. त्या काळात हे पुष्कळच म्हणायचं. परत आल्यावर वीसेक वर्षं त्यांनी कर्जत ते कडाव पायी फिरून बाळंतपणं केली. माझी चारही मुलं त्यांच्याच हातची. बाळंतिणीशी गोड बोलायच्या आणि नवऱ्याला फैलावर घ्यायच्या. मी चारदा ऐकून घेतलं आहे.

सेहेचाळीस साली मुंबईच्या एका संस्थेचं निवेदन पेपरात आलं. लढाईत जपान्यांनी मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे मद्राशी मजूर सयामात रेल्वे बांधायला नेले होते. त्यातले पुष्कळसे तिकडेच मेले. मागे राहिलेली पोरं रस्त्यावर आली होती आणि त्यांच्यासाठी बिनपगारी माणसं हवी होती. वहिनींनी अर्ज केला. वय त्रेचाळीस. आठ दिवस आळीला दुसरा विषय नव्हता. माझ्या बायकोचं म्हणणं पडलं की पोरंच सांभाळायची तर ठाकूरवाडीत काय कमी आहेत. वहिनींनी तिला सांगितलं की त्यांना आईबाप आहेत. मी म्हटलं, बोटीवर फार ओकाऱ्या होतात हो. तर म्हणाल्या, तुमच्या घरात चार वेळा बघितल्यात की.

त्यांचा धाकटा दीर दत्तोपंत खालापूरच्या कचेरीत कारकून. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि शनिवारी खोपोलीच्या गाडीने घरी यायचा. कोण मेला, मागे कोण उरलं, जमिनीला वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं, एवढंच त्याने जन्मभर केलं. विधवेने मुलगा दत्तक घेतला की मेलेल्या नवऱ्याचा हिस्सा कसा उठून बसतो, हे तो रोज कागदावर बघत असे. दिघ्यांचं कडावला भाताचं शेत होतं. म्हणून वहिनींना निरोप देताना त्याने तब्येतीला जपा म्हटलं आणि त्याच दमात कसल्याही कागदावर सही करू नका म्हटलं.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत, एका बुधवारी, मलायाहून सरकारी पाकीट आलं. दत्तोपंताची बायको शैला ते घेऊन माझ्याकडे आली, कारण मी स्टेशनच्या मालधक्क्यावर नोकरीला आणि आळीत इंग्रजी मलाच येतं असा समज होता. मी वाचून दाखवलं. शुक्रवारपर्यंत बातमी कडावला पोचली, आणि शनिवारी दत्तोपंत गाडीतून उतरला तेव्हा ती फलाटावर त्याची वाट बघत होती. यात माझा हात होता असं शैला अजून म्हणते.

तिथल्या साहेबाने लिहिलं होतं की अनाथगृहाच्या यादीत सत्तावीस मुलांच्या बापाचं नाव एकच आहे, जनार्दन दिघे. यादी उमाबाईंच्या हातची आहे. हा गृहस्थ कोण, याचा घरच्यांनी खुलासा करावा. नाव बनावट ठरलं तर बाईंना कामावरून काढून पहिल्या बोटीने परत पाठवण्यात येईल.

सोबत वहिनींची मराठी चिठ्ठी होती. "भावोजी, इथल्या पोरांना बापाला अप्पा म्हणत होतो एवढंच आठवतं. बापाचा रकाना रिकामा राहिला की कारकून तिथे काट मारतो, आणि काट मारलेल्या पोरांना जेवणाच्या रांगेत बाकीची चिडवतात. माझ्याजवळ द्यायला एकच नाव होतं. मी ते तोंडाने घेतलेलं नाही, लिहिलं आहे. तुम्ही काय ते कळवा. मला इथून यायचं नाही."

नाव तोंडाने घेतलं नाही, हे मात्र खरं असणार. पोस्टात नवऱ्याचं नाव विचारलं की वहिनी माझ्या बायकोकडे बघायच्या आणि ती सांगायची.

संध्याकाळी दत्तोपंत आमच्या ओटीवर आला. कडावचं शेत कसणारा मालोजी आधीच येऊन पायरीवर बसला होता. सत्तावीस मालक होणार असतील तर खंडाचं भात कोणाच्या दारात घालायचं, ते त्याला विचारायचं होतं.

"लावनीला धाडतील का त्यान्ला?" मालोजी म्हणाला. "यंदा मानसं मिळत नायत."

दत्तोपंताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने मला लिहायला सांगितलं की जनार्दन दिघे निपुत्रिक वारले, यादी खोटी आहे, कुटुंबाचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे वहिनी पुढच्या महिन्यात परत. मी दौत उघडली. मग म्हटलं, साहेबाने यादी जोडली आहे, नाकारायची तर आधी वाचलेली बरी. कायद्याने तसं काही लागत नव्हतं. मला आपली मजा बघायची होती.

मी वाचायला लागलो. मुरुगन जनार्दन दिघे. मुनियम्मा जनार्दन दिघे. वेलू जनार्दन दिघे. मालोजी तोंडावर मुंडाशाचं टोक धरून हसत होता. नवव्या-दहाव्या नावाला तो थांबला. दिघ्यांच्या घरात ते नाव वर्षातून एकदा श्राद्धाला भटजी उच्चारायचे, तेही घाईत. आता मी ते एका दमात पंधरा वेळा घेतलं होतं. दत्तोपंताने मला हाताने थांबवलं.

"दिसायला कसा होता हो तो, मोरूभाऊ? मी सहा वर्षांचा होतो."

"तुझ्यासारखाच. किरकिर कमी करायचा."

"पुढे वाचा."

मी सत्तावीसपर्यंत वाचलं. मग कचेरीतल्या आवाजात त्याने मजकूर सांगितला. जनार्दन दिघे हे माझे सख्खे थोरले बंधू. नाव खरे आहे. ते त्यांच्या पत्नीने कोणास द्यावे याबद्दल कुटुंबाची हरकत नाही. मात्र मौजे कडाव येथील जमिनीवर सदर मुलांचा कसलाही हक्क राहणार नाही.

मी म्हटलं, शेवटचं वाक्य गाळू या, साहेबाला कडाव कुठे आहे तेसुद्धा माहीत नसेल.

"राहू दे. नाव दिलं, शेत दिलेलं नाही."

त्याने सही केली आणि साक्षीला मालोजीचा अंगठा घेतला. मलायाच्या साहेबाने त्या अंगठ्याचं काय केलं असेल कोण जाणे, पण त्याचं समाधान झालं. वहिनी राहिल्या.

मे महिन्यात त्यांचं पत्र आलं. मुनियम्माचा बाप जिवंत निघाला होता. सयामहून अर्धी वाट चालत आला आणि मुलीला घेऊन मळ्यावर गेला. तिच्या नावापुढे आता त्याचं नाव लागलं. यादीत सव्वीस राहिली.

दत्तोपंताने पत्र ओटीवर उभ्यानेच दोनदा वाचलं. बाप तोच हे कशावरून, कागद काही पाहिले का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, पोरीने ओळखला म्हणून लिहिलंय. त्यावर तो म्हणाला की नाव कमी करण्याआधी घरच्यांना एक ओळ तरी टाकायला हवी होती, आमच्या कचेरीत असं चालत नाही. मग पत्राची घडी घालून खिशात ठेवली, आणि आता हरकत नोंदवायची तर मुदत किती दिवसांची असते, असं पुटपुटत आपल्या घरी गेला.