एक्कावन्न करंडे, एक्कावन्न झाकणं

१० मे, शनिवार. आजचं काम: एक्कावन्न लाकडी करंडे पुसणे. वेळ अर्धा तास, असा माझा अंदाज होता.

करंडे आमच्या ह्यांनी कातलेले. कारखान्यात तीस वर्षं लेथवर लोखंड कातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात जुळे सोलापूर भागातल्या आमच्या बाल्कनीत लाकडाची छोटी लेथ आणून बसवली. (माझी तुळस तेव्हापासून जिन्यात आहे.) लेकीच्या साखरपुड्याला प्रत्येक सुवासिनीला कुंकवाचा करंडा द्यायचा, तोही बापाच्या हातचा! तीन महिने पोह्यांत भुसा, उशीत भुसा. पण करंडे देखणे झाले, हे मान्य करायलाच हवं. झाकण लावलं की ‘टप्’ असा आवाज यायचा आणि हे असे हसायचे, की आमच्या लग्नातही तेवढे हसले नव्हते.

साखरपुडा उद्या सकाळी. हे हॉल बघायला गेलेले. वळसंगहून आलेल्या माझ्या नणंदबाई, आक्का, मदतीला. मी सगळे करंडे उघडले, झाकणं एका टोपलीत टाकली, करंडे दुसऱ्या टोपलीत, आणि ओल्या फडक्याने सगळं लख्ख पुसलं. स्टीलचे डबे मी असेच आवरते. पंचवीस मिनिटांत काम फत्ते!

हे आले ते दारातच थबकले.

“कुठलं झाकण कुठल्या करंड्याचं?”

“झाकण ते झाकण! सगळी सारखीच तर आहेत.”

“अगं, प्रत्येक झाकण त्याच्या त्याच्या करंड्यावर बसवून कातलंय! केसाएवढा फरक पडला तरी बसत नाही!”

“मग नंबर टाकायचे ना!”

“टाकणारच होतो. लेथजवळची माझी पेन्सिल कुणी आवरून ठेवली?”

(आवरून कोण ठेवतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे ठेवतं, हे मलाही ठाऊक नसतं.)

मग तिघंही फरशीवर बसलो. एक करंडा घ्यायचा आणि टोपलीभर झाकणं लावून बघायची. काही आत पडत, काही वर डुगडुगत. त्यात ओल्या फडक्याने लाकूड फुगलेलं!

“गच्चीवर वाळत घालू?” मी सुचवलं.

“मे महिन्यात? सोलापुरात? तडकून ठिकऱ्या होतील!”

“बाळ्या, रडतुयास कशाला? मी बसवते की,” असं धाकट्या भावाला म्हणत आक्कांनी बत्ता आणला आणि एक झाकण ठोकलं. बसलं! असं बसलं, की ते आता कुणाच्या बापाला उघडणार नाही.

“आक्का, आता ह्यात कुंकू कसं भरायचं?”

“कुंकू बी भरायचं व्हय? मला वाटलं, शोभंला हायती.”

संध्याकाळपर्यंत जमलेल्या जोड्या: अकरा. हे भिंतीला टेकले आणि म्हणाले, “राहू दे. बाजारातून प्लास्टिकच्या डब्या आण.” लेथकडे बघितलंसुद्धा नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच घरात शांतता झाली होती, आणि ती मला अजिबात सोसवेना.

११ मे, रविवार. लाकूड रात्रीत सुकलं होतं. सकाळी मी दोन्ही टोपल्या हॉलवर नेल्या आणि मंगळवेढ्याच्या विहीणबाईंना न अडखळता सांगितलं, “आमच्यात पद्धत आहे. करंडा आम्ही द्यायचा, झाकण जिचं तिनं शोधायचं.”

“असं व्हय? लई भारी की!”

बायका टोपलीवर तुटून पडल्या. “तुमचं दावा की जरा!” “माझं आत पडतंय, तुमी घ्या!” गुरुजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडून दमले, नवरीमुलगी पाटावर एकटीच बसलेली, ओटी भरायला एक सुवासिनी मोकळी नाही! आणि कुठे ‘टप्’ झालं, की हे कोपऱ्यात उभे राहून हसत होते.

शेवटी विहीणबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “विहीणबाई, लग्नात बी हीच पद्धत ठेवा की! आमच्याकडनं दोनशे जणी येणार हायत.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून मी पर्समध्ये हात घातला, तर हाताला पेन्सिल लागली.