बाईंची कार्डं
पाणी छातीशी आलं होतं आणि बाई कपाट सोडायला तयार नव्हत्या. रोह्याच्या वाचनालयात नदी शिरली होती. कपाटाच्या खणांतली, पुस्तकं शोधायची कार्डं पाण्यावर पसरली होती आणि बाई ती एका हाताने गोळा करत होत्या. मी त्यांना दंडाला धरून जिन्याकडे ओढलं.

"सोड गो!"

"नाय सोडत. कार्डं परत लिवता येतील. तुम्हाला कोण लिवणार?"

त्या मला काहीतरी बोलणार होत्या, पण तोंडात पाणी गेलं. तेवढ्यात मी त्यांना वर नेलं.

बाई तिथल्या ग्रंथपाल, रोज पेणहून यायच्या. मी निडीची, चौथी शिकलेली, तिथे झाडलोट करायचे. इतर ठिकाणी पुस्तकाच्या नावाचं कार्ड असतं. बाईंनी पुस्तकांच्या आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या पोटात काय आहे त्याची कार्डं केली. वर शब्द लिहायच्या तो विचारायला आलेल्या माणसाचा. खाडीचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की आमच्याकडे 'खांड गेली' म्हणतात, म्हणून कार्डावर 'खांड'. साहेब लोकांसाठी वेगळं कार्ड, 'क्षारपड जमीन', त्यावर एवढंच: 'खांड पाहा'. त्यामुळे कुणीही आला तरी त्याला हवं ते पान मिळायचं. असं दुसरीकडे कुठे नव्हतं. बाईंचं सगळं आयुष्य त्या खणांत गेलं होतं.

पुस्तकं वरच्या मजल्यावर सुखरूप होती. पाणी उतरल्यावर आम्ही कार्डं चिखलातून वेचली, धुतली. ऊन पडलं तशी मी ती गच्चीवर नेली.

"उन्हात नको गो, भेगा पडतील!" बाईंचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, गणपतीच्या कारखान्यातलं. ओली मूर्ती सावलीतच वाळवायची, हे त्यांच्या हाडात.

"कागद हाय, मूर्ती नाय."

"मग मीठ हाय का?" माझं माहेर मिठागरावरचं, म्हणून हा टोमणा.

शेवटी निम्मी माझी, निम्मी त्यांची. माझी उन्हात पापडासारखी वळली. त्यांची सावलीत बुरसली. दोघींनी एकमेकींची तोंडं बघितली. मग सरळ पंख्याखाली टाकली.

खरं दुखणं पुढेच होतं. पुस्तक, त्याची जागा आणि पान बाई पेन्सिलीने लिहायच्या, कारण कपाटातली जागा बदलत राहते. ते टिकलं. वरचा शब्द शाईचा, तो धुऊन गेला. उत्तर हातात, पण ते कुणी कोणत्या शब्दाने मागितलं होतं ते गेलं. शब्दाशिवाय कार्ड लावायचं कुठे? बाई खुर्चीत बसून राहिल्या. डबाही उघडला नाही.

मी म्हटलं, "शब्द तुमचे नव्हतेच. ज्यांचे होते त्यांना बोलवा."

बाजारात, स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर सांगून आले. माणसं यायला लागली. बाई पान उघडून वाचायच्या आणि विचारायच्या, "हे तुम्ही काय म्हणून विचारलं होतं?" खाडीकडचा एक म्हातारा दोन ओळींतच म्हणाला, "थांबा बाई, ही माझी खांड हाय." बाईंनी डोळे पुसले आणि वर शब्द लिहिला. पेन्सिलीने.

सगळी कार्डं नाही लागली. ज्यांची माणसं वारली होती, त्यांना बाईंनी स्वतःचे शब्द दिले. पुढच्या पावसाळ्याच्या आत खण भरले आणि विचारणाऱ्याला पान मिळायला लागलं.

बाई आता निवृत्त होऊन घरी असतात, पेणला. मी निडीला. त्या पाण्यातून आम्ही दोघी वाचलो.