माहेरची सही
राखेने समई घासताना हाताला पितळेचा वास लागला, की मला घाटकोपरची ती छोटी बँक आठवते. पन्नास सालानंतरची गोष्ट, माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. बँक बुडणार अशी आवई सकाळीच उठली आणि बघता बघता रांग रस्त्यावर आली. वडिलांनी लग्नाआधी माझ्या नावावर थोडे पैसे ठेवले होते, सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. भाजीची पिशवी घेऊन मी रांगेत घुसले, पैसे काढायच्या कागदावर सही केली आणि पितळेचं टोकन मुठीत दाबून ताटकळत राहिले. घामाने मूठ भिजली. शेवटी कारकुनाने बोलावलं. "बाई, सही जुळत नाही." बघते तर घाईत सासरचं नाव लिहिलं होतं, लग्नात नवऱ्याने तांदळात अंगठीने लिहिलेलं. "माहेरचं लिहा," म्हणत त्याने दुसरा कागद सरकवला. माझा हात चालेना. तीन वर्षांत त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मागची बाई ढोसत होती, "लिही ना गं, पैसे संपतील तिथले." पाटीवर गिरवावं तसं एकेक अक्षर काढलं. सही जुळली. सगळे पैसे काढले, खातं बंद केलं. बँक काही बुडली नाही, पुढे कितीतरी वर्षं चालली. आता समई घासताना वाटतं, माझं ते नाव चालत होतं अशी ती शेवटची जागा होती, आणि ती मीच घाईघाईने बंद करून आले.