पाहुण्यांचा पंखा

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरताना येणारा आंबट वास आला की मला पाटोद्याजवळच्या आमच्या घरातली उन्हाळ्यातली एक दुपार आठवते. पत्र्याची धग खाली उतरत होती आणि कोपऱ्यातल्या टेबलावर माझा लॅपटॉप सकाळपासून गणित करत होता. ग्राफीनच्या, म्हणजे जेमतेम एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या पट्टीवरून उजेड किती लांब जातो, हे मी पीएचडीसाठी सिम्युलेशन लावून बघत होते. त्याच दुपारी मला बघायला पाहुणे आले, आणि पोह्यांच्या बशा त्यांच्या हातात असतानाच लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. जुन्या इन्व्हर्टरला पंखा आणि लॅपटॉप दोन्ही झेपेनात, तो पीं-पीं करायला लागला. लॅपटॉप बंद पडला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी काही बोलायच्या आत आईनं उठून पंखा बंद केला. मुलाचे चुलते घाम पुसत म्हणाले, "फॅन कावून बंद केला?" आई म्हणाली, "पोरीचं काम चालू हाय. लिंबाखाली लई वारं हाय, तिथं बसू." सगळे बशा घेऊन बाहेर गेले. संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला, स्थळ जमणार नाही म्हणून. आईनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "तुझा उजेड पोचला का?" मी म्हणाले, "न्हाई, गणित पुरं झालं, पण उजेड पट्टीवर मधीच विझला." "मंग परत लाव," म्हणत ती बशा विसळायला गेली. आता मीही विद्यार्थ्यांना हेच सांगते, पण तिच्याइतकं सहज मला सांगता येत नाही.