सूनबाईच्या उवा

माझी मावशी दुसऱ्यांचे केस बांधते आणि त्यावर तिचं घर चालतं. टीव्हीच्या मालिकांमधल्या वेण्या, अंबाडे, लग्नातले केस, भांडणातले केस, आजारपणातले केस. आजारपणातले सगळ्यात त्रासाचे, कारण काल जेवढे विस्कटले होते तेवढेच आजही विस्कटावे लागतात. सेटवर तिला लहानथोर सगळेच मावशी म्हणतात. ती हाक आली की कुणाला तरी काहीतरी फुकट करून हवं असतं, हे तिला इतकं पाठ झालंय की मी सख्ख्या भाचीने हाक मारली तरी ती आधी "काय पाहिजे?" असंच विचारते.

गेली काही वर्षं तिच्याकडे एकच डोकं आहे, सूनबाईचं. ती मालिकेत धाकटी सून आहे, म्हणून रस्त्यावरही तिला कुणी खऱ्या नावाने ओळखत नाही. गुडघ्यापर्यंत वेणी, आणि तीसुद्धा खरी. त्या वेणीमुळे मालिका चालायची आणि वेणीमुळेच एका तेलाच्या कंपनीने सूनबाईशी करार केलेला. केस कापायचे नाहीत, रंगवायचे नाहीत, दुसऱ्या कुणाचं काहीही त्यांना लावायचं नाही. बदल्यात कंपनी दर आठवड्याला सूनबाईच्या नावाने केसांची घरगुती निगा छापून आणायची. कोरफड लावा, मेथ्या वाटून लावा, कांद्याचा रस लावा. सूनबाईने जन्मात डोक्याला कांदा लावलेला नव्हता. पण सेटच्या फाटकाशी बायका मावशीला गाठायच्या, की कांद्याने घरभर वास सुटलाय, नवरा बाहेरच्या खोलीत झोपतो, आता काय करू. मावशी म्हणायची, कांदा भाजीत घाला. मग त्या बायका आपसात म्हणायच्या, खरं काय ते ही बाई सांगत नाही.

एका सकाळी मावशी भांग पाडत होती आणि कंगव्याच्या टोकाशी काहीतरी चाललं. तिने चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग उठून मेकअप रूमच्या दाराला कडी लावली.

उवा होत्या. कानामागे लिखा मोत्यांसारख्या ओळीने बसलेल्या. सूनबाईला कित्येक दिवस खाज सुटत होती, पण खाजवायची सोय नव्हती. बाहेर पडलं की कुणाचा ना कुणाचा मोबाईल तिच्यावर रोखलेला असायचा. गाडीत ड्रायव्हर, घरात स्वयंपाकीण आणि सेक्रेटरी. शेवटी तिने कॅमेऱ्यासमोरच खाजवलं. दु:खाच्या प्रसंगात हळूच हात केसांत घातला. दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक दु:खाला तो हात घालायला सांगायला लागला.

आता या बाईला उवा आहेत हे सांगायचं कुणाला? औषध मावशीने आणलं असतं, पण करारात ते बसत नव्हतं. उरलं कंपनीचंच तेल आणि फणी. बारीक दातांची, धातूची, एकेक बट धरून मुळापासून टोकापर्यंत ओढायची. गुडघ्यापर्यंतच्या केसांना हे करायचं म्हणजे सबंध दुपार. पुन्हा लिखा फुटायच्या आत तेच सगळं परत. सूनबाईच्या घरी ते शक्य नव्हतं आणि सेटवर तर नव्हतंच. म्हणून मग रविवारी दुपारी मावशीच्या घरी.

मावशीच्या घरात तिची थोरली नणंद राहते. मावशी तिला वन्सं म्हणते, म्हणून आम्ही सगळेच वन्सं म्हणतो. वन्संचं पुढच्या खोलीत पाळणाघर आहे. गल्लीतली नोकरदार माणसं सकाळी पोरं आणून टाकतात आणि संध्याकाळी उचलून नेतात. एवढ्या गोंगाटातही वन्संचा मालिकेचा एक भाग चुकत नाही. सूनबाई प्रत्यक्ष दारात उभी राहिली तेव्हा वन्संना रडू आलं. मावशीने त्यांना सांगितलं की तेलाचं मालिश आहे, कुणाला बोलायचं नाही. वन्सं कुणालाच काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्तृत्व. फक्त सूनबाई निघाली की तिच्या गालाला गाल लावून एक फोटो काढायच्या. पुढच्या रविवारी सूनबाईच्या अंगावर वेगळे कपडे असायचे, म्हणून पुन्हा एक.

डोकं स्वच्छ झालं. मावशीने सेटवरचे ब्रश उकळले, सूनबाईच्या उशांचे अभ्रे उकळले, गाडीच्या सीटचं डोकं टेकायचं कव्हरसुद्धा काढून उकळलं. तरी काही दिवसांत कानामागे परत तेच. पुन्हा फणी, पुन्हा स्वच्छ, पुन्हा उवा. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडे जाते. आणि सूनबाईच्या डोक्याला डोकं कोण लावतं? लोक. जो येतो तो सेल्फी काढतो, आणि लांबून काढला तर त्याला तो काढल्यासारखा वाटत नाही. मावशीने फर्मान सोडलं, यापुढे कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, लहान पोराला तर मुळीच नाही.

"मी दुपार दुपार मान मोडून काढायच्या आणि तू दुसऱ्या दिवशी नव्या घेऊन यायच्या," ती म्हणाली. "मला दुसरे उद्योग नाहीत का?"

सूनबाईने ऐकलं. त्याच आठवड्यात एका चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाला एक शाळकरी मुलगी गर्दीतून धावत आली. केस अगदी सूनबाईसारखे बांधलेले, खाली गोंडा. तिने मिठी मारायला हात पसरले आणि सूनबाईने तिचे खांदे धरून तिला हातभर लांब ठेवलं. मुलीचा चेहरा कोसळला. संध्याकाळपर्यंत तो चेहरा घरोघरी पोचला होता. सूनबाईला माज आलाय, पडद्यावर सोज्ज्वळ आणि बाहेर ही अशी, पोराबाळांचा विटाळ होतो का हिला. काही बायकांनी तेलाच्या बाटल्या बेसिनमध्ये ओतून त्याचे व्हिडिओ टाकले.

तेलाच्या कंपनीचा माणूस सेटवर आला. बोलायला फार गोड. त्याने उपाय ठरवूनच आणला होता. सोमवारी त्या मुलीला आणि तिच्या आईला बोलावलंय, कॅमेरा असेल, सूनबाईने मुलीला घट्ट मिठी मारायची, वेणी दोघींच्या खांद्यांवरून दिसेल अशी घ्यायची. हे झालं तर प्रकरण मिटलं. नाही झालं तर करार मिटला. मावशी तिथेच पिना गोळा करत होती. सूनबाईच्या डोक्यात त्या घटकेला उवा होत्या, आणि कुठे किती हेही मावशीला माहीत होतं.

रविवारी दुपारी मावशीने तेल कोमट करत ठेवलं आणि वन्संना हाक मारायला पुढच्या खोलीत गेली. पाळणाघर बंद होतं. वन्सं खुर्चीत बसून जुना भाग बघत होत्या आणि बघता बघता विणायच्या सुईने डोकं खाजवत होत्या, सवयीने, फार दिवस खाजवत आल्यासारखं. मावशी जागच्या जागी उभी राहिली. मग तिने न विचारता वन्संचा अंबाडा सोडला आणि खिडकीच्या उजेडात केस बाजूला केले. वन्संनी डोकं हलवलं नाही. पोरांना होतातच, त्या म्हणाल्या, सगळी अंगाखांद्यावर खेळतात, मी काय दर वेळी तुला सांगत बसू.

मी यंत्रांवर काम करते. बिघाड सापडत नसला की आम्ही सगळी तार तपासतो, फक्त आपण स्वतः जोडलेला तुकडा सोडून. मावशीने जगातलं सगळं उकळलं होतं, स्वतःचं घर सोडून. दर रविवारी तिने मागच्या खोलीत उवा काढल्या आणि पुढच्या खोलीत गालाला गाल लावून परत दिल्या.

वन्संना हे समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्याकडून तिला गेल्या, की तिच्याकडून मला आल्या?" दुसरं असतं तर त्यांना आवडलं असतं, हे स्पष्ट दिसत होतं. मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

सूनबाई आली तेव्हा मावशीने तिला बसूही दिलं नाही. हातात फणी घेऊन, मागच्या खोलीच्या दारातच, एका दमात सगळं सांगितलं. असं सांगितल्यावर आपलं काम राहणार नाही, हे तिने मनात धरलेलंच होतं. सूनबाईकडे काम करणारी दुसरी माणसं मावशीच्या जागेवर आपलं कुणी आणायला टपलेलीच होती.

"लोकांचा काही दोष नाही. त्या पोरीला तू माझ्यामुळे ढकललंस, उगाच," ती म्हणाली.

पुढच्या खोलीतून वन्संचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

"उगाच कसं? उवा तर होत्याच," सूनबाई म्हणाली. मग विचारलं, "उद्या मिठी मारली तर तिला होतील?"

"होतील."

"आणि आज सगळ्या काढल्या तर?"

"एका दिवसात सगळ्या निघत नाहीत, बाई. लिखा राहतात, आणि एखादी ऊही राहते. मी खोटं कशाला सांगू?"

सूनबाई चटईवर बसली आणि तिने केस मोकळे सोडले. मावशीने तेल घातलं, खाली पांढरा पंचा पसरला, फणी ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने सूनबाईने मोबाईल समोरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तिला बघणाऱ्या सगळ्यांना थेट दिसेल असा चालू केला. मावशीला कळेपर्यंत ती बोलायला लागली होती. मला उवा झाल्यात, ती म्हणाली, आज झालेल्या नाहीत, बरेच दिवस आहेत. त्या मुलीला मी जवळ घेतलं नाही ते त्यामुळे, आणि तिने उद्या यायचं नाही, मी बरी झाले की मीच तिच्याकडे जाईन. कुठून आल्या ते ती बोलली नाही. कांद्याच्या रसाने जात नाहीत, एवढं मात्र बोलली. पंच्यावर पडलेल्या दोन-तीन तिने बोटाने दाखवल्यासुद्धा. मावशीला बोलताही येईना आणि उठताही येईना. तेलाने माखलेले हात कॅमेऱ्यात दिसत होते, आणि सूनबाई दर वाक्याला मान हलवून भांग मोडत होती.

कंपनीचा निरोप तिथेच बसल्या बसल्या आला. करार संपला होता, कारणाची एक ओळ आणि खाली सही. सूनबाईने तो दोनदा वाचला, मोबाईल पालथा ठेवला आणि विचारलं, किती राहिलंय.

"सगळी डावी बाजू राहिलीय," मावशी करवादली. "आणि आता तरी सरळ बस."